गायीचा चीक वासराला, मग आईचा चीक बाळाला का नको? नवजात बाळाचं पोट सांभाळणाऱ्या प्रतिपिंडांची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यात गाय व्यायली की पुढे काय करायचं, हे गोठ्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजायचा. उशीर झाला तर वासराला हगवण लागते, ते खंगतं आणि बऱ्याचदा दगावतं. उरलेल्या चिकाचा खरवस होतो, पण पहिला हक्क वासराचा.

बाईच्या बाळंतपणात मात्र पिढ्यानपिढ्या याच्या बरोबर उलटा नियम चालत आला. आईला पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध 'खराब', 'जड', 'बाळाला न पचणारं' समजून पिळून टाकलं जायचं. तोवर बाळाच्या तोंडात मधाचं बोट, गुळाचं पाणी, साखरेचं पाणी नाहीतर गुटी. हे फक्त नगर जिल्ह्यात नव्हे, देशाच्या मोठ्या भागात घडत होतं. काही घरांत आजही घडतं.

टाकून दिल्या जाणाऱ्या या दुधात नेमकं काय असतं? नवजात बाळाच्या पोटात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आईचं शरीर काय करतं? आणि याच जिल्ह्यातल्या जामखेडचं नाव जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना माहीत का आहे? समजून घेऊ.

नवजात बाळाचं पोट इतकं नाजूक का असतं?

आईच्या पोटात असताना बाळाचा बाहेरच्या जंतूंशी जवळपास संबंध येत नाही. जन्माच्या क्षणापासून मात्र त्वचेवर, तोंडात आणि आतड्यात जंतूंची वस्ती सुरू होते. यातले बहुतेक जंतू निरुपद्रवी किंवा उपयोगीच असतात. काही मात्र घातक असतात.

ई. कोलाय हे त्यातलं ओळखीचं नाव. या जिवाणूचे अनेक प्रकार आपल्या सगळ्यांच्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहतात. पण काही प्रकार आतड्याच्या अस्तराला चिकटतात, विष सोडतात आणि जुलाब सुरू करतात. मोठ्या माणसाला दोन दिवस त्रास होतो आणि तो बरा होतो. तान्ह्या बाळाच्या शरीरात मात्र पाण्याचा साठाच कमी असतो, त्यामुळे काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. कधी कधी जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतात. मग पोटाचा आजार पोटापुरता राहत नाही.

बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती या वेळी नुकती कामाला लागलेली असते. कोणता जंतू मित्र आणि कोणता शत्रू हे तिला अजून कळत नाही. आतड्याचं रक्षण करणारी प्रतिपिंडं तर बाळाचं शरीर पहिल्या काही आठवड्यांत जवळपास तयारच करत नाही. ही उणीव आई भरून काढते.

प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरात एखादा जंतू शिरला की आपल्या रक्तातल्या पेशी त्याची खूण ओळखतात आणि नेमक्या त्या खुणेला चिकटणारी प्रथिनं तयार करतात. हीच प्रतिपिंडं. किल्ली जशी ठरावीक कुलपालाच लागते, तसं एक प्रतिपिंड ठरावीक खुणेलाच बसतं. जंतूला प्रतिपिंड चिकटलं की तो जंतू एकतर निकामी होतो, नाहीतर शरीरातल्या इतर पेशींच्या लगेच नजरेत येतो.

म्हणजे आईच्या शरीरातली प्रतिपिंडं ही एक प्रकारची नोंदवही आहे. तिने आयुष्यात कोणते जंतू पाहिले, कोणत्या गावचं पाणी प्यायली, कोणते आजार काढले, कोणत्या लसी घेतल्या, हे सगळं त्यात उतरलेलं असतं. बाळ त्याच घरात, त्याच जंतूंमध्ये जन्माला येणार असतं. त्यामुळे आईची ही नोंदवही त्याच्यासाठी फार कामाची असते.

आई ही शिदोरी दोन हप्त्यांत देते

पहिला हप्ता गरोदरपणात मिळतो. आयजीजी नावाची प्रतिपिंडं आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळाच्या रक्तात जातात. वारेच्या पेशींवर त्यांना पकडून पलीकडे पोहोचवणारी खास यंत्रणा असते. हे काम शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने चालतं. म्हणूनच खूप लवकर जन्मलेल्या बाळाला हा हप्ता अपुरा मिळतो आणि त्याला संसर्गाचा धोका जास्त असतो.

हा हप्ता किती मोलाचा आहे, याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे गरोदर बाईला दिलं जाणारं धनुर्वाताचं इंजेक्शन. ते टोचतात आईला, पण तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरच्या धोक्याच्या दिवसांत त्याला वाचवतात. या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे नवजात बाळांना होणारा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २०१५ मध्ये हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

दुसरा हप्ता जन्मानंतर दुधातून मिळतो. यात मुख्यतः आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात. ती सहसा बाळाच्या रक्तात जात नाहीत. घसा, पोट आणि आतडं यांच्या आतल्या पृष्ठभागावर ती पसरतात. घातक जंतू अस्तराला चिकटायच्या आधीच ती त्याला घेरतात आणि तो जंतू शीमधून बाहेर पडतो. पोटातल्या आम्लाने आणि पाचकरसांनी ती सहज नष्ट होत नाहीत, कारण त्यांच्याभोवती एक जास्तीचं संरक्षक आवरण असतं.

या दुसऱ्या हप्त्यातला सगळ्यात घट्ट, सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे चीक. पहिल्या दिवसांच्या दुधात आयजीएचं प्रमाण नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. चीक प्रमाणाने थोडाच येतो, एका वेळी जेमतेम चमचा-दोन चमचे. त्यामुळे 'दूधच येत नाहीये' असं घरच्यांना वाटतं. पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. त्याला तेवढंच हवं असतं.

आईच्या आतड्यातली माहिती दुधात कशी पोहोचते?

हा या सगळ्यातला सर्वात विलक्षण भाग आहे. आईच्या आतड्याच्या भिंतीत काही ठाणी असतात. पोटात आलेल्या जंतूंचे नमुने तिथे तपासले जातात. तिथे जंतूची ओळख पटलेल्या पेशी रक्तातून प्रवास करून थेट स्तनांतल्या ग्रंथींमध्ये जाऊन बसतात आणि तिथे त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं तयार करतात. तीच दुधात उतरतात.

म्हणजे आई जे पाणी पिते, जे अन्न खाते, त्यातून तिच्या आतड्यात आलेल्या जंतूंवरचा उतारा तिच्या दुधात तयार होतो. हंड्यातलं पाणी तेच, घर तेच, जंतूही तेच. दुसऱ्या कुठल्या गावच्या नव्हे, याच घरातल्या जंतूंविरुद्धचं हे संरक्षण असतं.

याला पुरावा काय?

बांगलादेशातल्या मतलब भागात पटकीची साथ नेहमीची. तिथे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आयांच्या दुधात पटकीविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर होती, त्यांच्या बाळांच्या पोटातही पटकीचे जंतू शिरले होते. मात्र ती बाळं आजारी पडण्याचं प्रमाण कमी होतं. जंतू आला, पण आजार झाला नाही, हा फरक महत्त्वाचा आहे.

२०२० मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातल्या डेनिस कॅस्पर यांच्या गटाने उंदरांवरचा एक अभ्यास 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडला. जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायपासून उंदरांची पिल्लं आईच्या प्रतिपिंडांमुळे वाचतात, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे ही प्रतिपिंडं त्या ई. कोलायशी लढून तयार झालेली नव्हती. आतड्यात नेहमी राहणाऱ्या एका वेगळ्याच, निरुपद्रवी जिवाणूमुळे ती तयार झाली होती. दोघांच्या खुणा मिळत्याजुळत्या असल्यामुळे एकासाठी बनलेली किल्ली दुसऱ्या कुलपालाही लागली. थोडक्यात, आईच्या पोटातले रोजचे शेजारीही बाळाच्या संरक्षणाला हातभार लावतात.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लिस्टेरिया हा अन्नातून पोटात जाणारा जिवाणू पेशींच्या आत लपतो, त्यामुळे तिथे प्रतिपिंडांचा फारसा उपयोग होत नाही असं मानलं जायचं. पण गरोदरपणात आईच्या प्रतिपिंडांवर असलेल्या साखरेच्या एका रेणूत छोटा बदल होतो आणि तीच प्रतिपिंडं उंदरांच्या पिल्लांना या जिवाणूपासूनही वाचवू शकतात, असं या प्रयोगांत आढळलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शेवटचे दोन्ही अभ्यास मुख्यतः उंदरांवरचे आहेत. उंदराचं पिल्लू दुधातली आयजीजी प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात शोषून घेतं. माणसाच्या बाळात हे फारच कमी घडतं. त्यामुळे उंदरांत दिसलेलं प्रत्येक संरक्षण बाळातही तसंच मिळेल, असा दावा करता येत नाही. मात्र लवकर पाजल्याचा फायदा माणसांतही मोजला गेला आहे. घानाच्या ग्रामीण भागात सुमारे ११ हजार बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सगळ्या बाळांना जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालं, तर नवजात बाळांचे सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकतात, असा अंदाज त्यात मांडला होता.

गायीचं गणित वेगळं का?

गायीच्या वारेतून प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याची पाटी कोरी असते. त्याला दोन्ही हप्ते चिकातूनच मिळतात. त्याचं आतडं साधारण पहिला एक दिवसच ही प्रतिपिंडं रक्तात शोषून घेऊ शकतं, नंतर ती वाट बंद होते. चीक न मिळालेलं वासरू का मरतं, याचं उत्तर इथे आहे.

माणसाच्या बाळाला पहिला हप्ता आईच्या पोटातच मिळालेला असतो. म्हणून चीक न मिळालेलं बाळ वासरासारखं लगेच दगावत नाही, बरीच बाळं तगतात. आणि म्हणूनच चीक टाकण्याचं नुकसान पिढ्यानपिढ्या कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. गोठ्यात चूक केली तर दोन दिवसांत फळ दिसायचं. घरात केलेली चूक मात्र 'बाळाला बाधलं', 'नजर लागली' किंवा 'नशीब' या नावांखाली लपून राहिली.

जामखेडमध्ये काय घडलं?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय भागातला जामखेड हा दुष्काळी तालुका. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने इथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले.

तेव्हाची परिस्थिती भीषण होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत होती. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात आणि कुपोषण ही त्यामागची नेहमीची कारणं होती. त्यातल्या बहुतेकांवर मोठ्या हॉस्पिटलची गरज नव्हती. गरज होती घरात वेळेवर योग्य गोष्ट करणाऱ्या माणसाची.

आरोळे दांपत्याने हे काम गावातल्याच बायकांकडे सोपवलं. या ग्राम आरोग्य सेविकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येऊन प्रशिक्षण घेत आणि शिकलेलं गावात जाऊन सांगत. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, वजन न वाढणाऱ्या मुलांवर लक्ष, सुरक्षित पिण्याचं पाणी हे सगळं त्यात होतं. बाळाला जन्मल्यावर लगेच छातीशी धरा, चीक टाकू नका, हा निरोपही त्यात होता.

हा निरोप सांगणं सोपं नव्हतं, कारण समोर सासू होती, सुईण होती, पिढ्यांची रीत होती. डॉक्टरने सांगितलं असतं तर बायकांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा मधाचं बोटच चाटवलं असतं. पण सांगणारी गावातली, स्वतः बाळंतपणं काढलेली बाई होती. बाळंतिणीच्या उंबऱ्याच्या आत तिला मान होता.

पुढच्या दोन दशकांत प्रकल्पाच्या गावांमधला बालमृत्यूदर १७६ वरून वीसच्या आसपास आला. याचं श्रेय एकट्या चिकाला देता येणार नाही. पाणी, लसीकरण, पोषण, मुलींच्या लग्नाचं वय, कुटुंबनियोजन हे सगळं एकत्र बदललं, म्हणूनच हा आकडा खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जामखेडच्या कामाला स्वतंत्र प्रकरण मिळालं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे काळाचा क्रम. आईच्या आतड्यातली प्रतिपिंडं बाळाला कशी वाचवतात, याचे बरेचसे बारकावे प्रयोगशाळांमध्ये अलीकडे उलगडले. जामखेडच्या बायकांनी चीक वाचवायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती.

गायीचं दूध किंवा पावडर का चालत नाही?

गायीच्या दुधातही प्रतिपिंडं असतात. पण ती गायीच्या अनुभवातून, वासराच्या गरजेसाठी बनलेली असतात. तुमच्या घरातल्या हंड्यावर कोणते जंतू आहेत हे त्या गायीला माहीत नसतं. पावडरच्या दुधात तर आईची प्रतिपिंडं नसतातच. वर बाटली, पाणी आणि हात यांतून नवे जंतू जाण्याची वाट उघडते. म्हणजे संरक्षण घटतं आणि धोका वाढतो, दोन्ही एकाच वेळी. याच कारणाने बाळांसाठीच्या दूध पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

प्रत्येक आईला लगेच पाजता येतंच असं नाही. बाळ फार लवकर जन्मलं असेल, आई अत्यवस्थ असेल, तर काय? अशा बाळांसाठी मानवी दुधाच्या बँका असतात. आशियातली पहिली अशी बँक मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दान केलेलं दूध तापवून निर्जंतुक करताना त्यातली काही प्रतिपिंडं कमी होतात, पण बरीचशी टिकतात.

आज अडतंय कुठे?

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण ८८.६ टक्के होतं. पण त्याच पाहणीत जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेल्या मुलांचं प्रमाण फक्त ४१.८ टक्के निघालं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते ४१.६ टक्के होतं. म्हणजे जवळपास पाच वर्षांत काहीच हललं नाही.

याचा अर्थ बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, पण पहिला तास तिथेही हातचा निसटतोय. सिझेरियननंतर आई शुद्धीवर असूनही बाळ वेगळं ठेवलं जातं, गर्दीच्या वॉर्डात पाजायला मदत करणारं कुणी नसतं, आणि नातेवाइकांच्या पिशवीत मधाची बाटली असते. एका बाबतीत मात्र चित्र सुधारलंय. सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण याच काळात ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

चीक कधी पाजायचा? शक्य तितक्या लवकर, जन्मानंतर तासाभरात. सिझेरियन झालं असेल तरी आई आणि बाळ स्थिर असतील तर नर्सच्या मदतीने लगेच पाजता येतं. दवाखान्यात हे आधीच सांगून ठेवा.

मध का नको? एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

उन्हाळ्यात पाणी द्यायचं का? पहिले सहा महिने वरचं पाणीही नको. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं.

आई आजारी असेल तर? साधा सर्दी-ताप किंवा जुलाब असतील तरी पाजणं थांबवू नये. उलट त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. हात साबणाने धुवावेत. एखादा गंभीर आजार असेल किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं.

प्रतिपिंडं असली की बाळ आजारी पडणारच नाही का? पडू शकतं. हे संरक्षण मोठं आहे, पण पूर्ण नाही. वारेतून मिळालेला साठा काही महिन्यांत ओसरतो. म्हणून लसीकरण वेळेवर हवंच, आणि स्वच्छ पाणी व स्वच्छ हात यांना पर्याय नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं? बाळाने दूध ओढणं सोडलं, ते मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालू लागला, झटके आले, शीमधून रक्त गेलं किंवा पातळ जुलाब थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच न्या. वाटेतही शक्य असेल तर पाजत राहा.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत सहा वेळा घरी येतात. पाजताना अडचण येत असेल, बाळाचं वजन वाढत नसेल, तर त्यांना मोकळेपणाने विचारा. पण पहिल्या तासात त्या तिथे नसतात. तेव्हा बाळंतिणीजवळ असते तिची आई, सासू, नणंद किंवा जाऊ. ही माहिती सगळ्यात आधी त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.